स्पॅनिश लेसची मँटिला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न ठरलं की वसई, मुंबई, गोव्याकडून आणि परदेशातल्या मराठी घरांतून मँटिलाविषयी तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल; जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मँटिला म्हणजे नेमकं काय? नेहमीच्या वेलपेक्षा ती वेगळी कशी?

स्पेनमधल्या बायका डोक्यावरून खांद्यांवर आणि पाठीवर सोडतात ती लेसची ओढणी म्हणजे मँटिला. स्पॅनिश माणूस ‘मान्तिया’ म्हणेल, पण आपल्याकडच्या दुकानांत मँटिला हेच रुळलं आहे. आजची स्पॅनिश मँटिला बहुधा लांबट चौकोनी असते. नक्षी फक्त काठाला नसते, सगळ्या अंगावर भरलेली असते. अंबाड्यात खोचलेल्या उंच फणीवरून ती सोडतात. त्या फणीचं नाव पेइनेता.

ब्रायडल दुकानात ‘मँटिला वेल’ म्हणून जे दाखवतात ती या ओढणीची नात म्हणा. पातळ नेटचा एकच थर, गोलाईत कापलेला, आणि कडेने लेसची पट्टी. साध्या वेलला कंगव्यापाशी चुण्या असतात, म्हणून ती डोक्यामागे फुगते. मँटिला वेलला चुण्या नसतात. ती माथ्यावर सपाट बसते आणि लेसची किनार कानशिलांवरून गालांजवळ उतरते. चेहऱ्यावर ओढून घ्यायचा पुढचा थर तिला नसतो.

पुढच्या उत्तरांत मूळ वस्तूला ‘मँटिला’ आणि दुकानातल्या आजच्या वस्तूला ‘मँटिला वेल’ म्हटलं आहे. खरेदीतले बरेच घोळ या दोघींची गल्लत झाल्यामुळेच होतात.

२. ही पद्धत स्पेनमध्ये आली कुठून? अरबांकडून का?

असं सांगणारे पुष्कळ आहेत. काही जण आणखी मागे जातात आणि १८९७ साली एल्चे इथे सापडलेल्या प्राचीन स्त्री-शिल्पाच्या शिरोभूषणात पेइनेता शोधतात. हे सगळे अंदाज आहेत. डोकं झाकायची चाल भूमध्य समुद्राभोवतीच्या सगळ्याच समाजांत होती, त्यामुळे एकाच कुणाकडे बोट दाखवता येत नाही.

सुरुवातीला हे कापड लेसचं नव्हतं. थंड भागात जाड लोकरी, उष्ण भागात हलकं, असं हवेप्रमाणे घेतलं जाई. लेसचा शिरकाव १६व्या-१७व्या शतकात होत गेला. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये वेलाझ्केझचं ‘पंखा घेतलेली स्त्री’ हे १६४०च्या सुमाराचं चित्र आहे. तिच्या डोक्यावरून काळी पातळ ओढणी उतरली आहे, हातात पंखा आहे आणि मनगटाजवळ जपमाळ. त्याच सुमाराला, १६३९ साली, राजा चौथ्या फिलिपने बायकांनी रस्त्यात चेहरा झाकून फिरण्याला बंदी घातली. एक डोळा तेवढा उघडा ठेवून ओढणी घ्यायची फॅशन तेव्हा जोरात होती आणि ओढणीआड कोण आहे हे कळत नाही, अशी सत्तेची तक्रार होती. मँटिलाकडे निव्वळ सोज्वळपणाची खूण म्हणून पाहणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

३. साध्या बायकांची ओढणी दरबारात कशी पोहोचली?

१८व्या शतकात माद्रिदच्या कामकरी वस्त्यांतल्या ठसकेबाज मुलींना ‘माखा’ म्हणत. घट्ट चोळी, काळा घागरा, मँटिला आणि कंबरेवर हात! फ्रेंच फॅशनला कंटाळलेल्या सरदारघराण्यातल्या बायकांनी हा पेहराव उचलला. शहाण्यासुरत्या लोकांनी नावं ठेवली, पण लाट थांबली नाही.

गोयाने ही लाट रंगवून ठेवली. १७९७ सालचं आल्बाच्या डचेसचं चित्र आज न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटीत आहे. काळ्या लेसमध्ये उभी असलेली डचेस बोटाने जमिनीकडे खूण करते आणि तिथे वाळूत ‘फक्त गोया’ असं लिहिलेलं आहे. १७९९ साली खुद्द राणी मारिया लुइसा काळ्या मँटिलात गोयासमोर उभी राहिली. लंडनच्या नॅशनल गॅलरीत इसाबेल दे पोर्सेल या बाईंचं चित्र आहे, त्यात काळ्या लेसखालून गुलाबी-केशरी रेशीम चमकतं. लेस कशी रंगवावी आणि ती कशी घ्यावी, दोन्ही शिकायचं असेल तर हे चित्र मोठं करून पाहा.

पुढे राणी दुसरी इसाबेल (कारकीर्द १८३३ ते १८६८) हिने मँटिला हौसेने वापरली आणि तिला दरबारी मान आला. १८६८ला राणी परागंदा झाली. त्यानंतर रोजच्या वापरातून मँटिला हळूहळू मागे पडली आणि पवित्र सप्ताह, बैलझुंजी, लग्नं अशा दिवसांपुरती राहिली.

४. बायकांनी मँटिला घालून राजाविरुद्ध निदर्शनं केली होती म्हणतात. हे खरं आहे का?

खरं आहे. इसाबेल गेल्यावर स्पेनने इटलीच्या सॅव्हॉय घराण्यातला आमादेओ राजा म्हणून आणला. मार्च १८७१मध्ये माद्रिदच्या सरदारघराण्यातल्या बायका संध्याकाळच्या फेरफटक्याला पॅरिसच्या टोप्या घरी ठेवून पेइनेता आणि मँटिला घालून बाहेर पडल्या. बऱ्याच जणींनी लिलीच्या फुलाची पिन लावली होती. हे फूल म्हणजे पदच्युत बूर्बों घराण्याचं चिन्ह. परक्या राजाला आणि त्याच्या राणीला तोंडाने एक शब्द न बोलता ‘तुम्ही आमचे नव्हेत’ असं सांगितलं गेलं. इतिहासात याला ‘मँटिलांचं बंड’ म्हणतात.

आमादेओने फेब्रुवारी १८७३मध्ये गादी सोडली. कारणं अर्थातच राजकीय आणि बरीच मोठी होती, पण त्या संध्याकाळी त्याला मिळालेला निरोप माद्रिद विसरलं नाही.

५. ब्लोंदा, शाँटिली, ट्यूल अशी नावं दुकानदार घेतात. फरक काय?

ब्लोंदा ही अस्सल स्पॅनिश ओळख. ती रेशमाची असते आणि तिच्यात दोन तऱ्हेचं रेशीम असतं. मागची जाळी बारीक, निस्तेज धाग्याची. फुलं-पानं जाड, चकचकीत धाग्याची. त्यामुळे नक्षी जाळीवर उठून दिसते. फुलं मोठी असतात आणि काठाला मोठे गोल कंगोरे असतात. स्पेनमध्ये त्यांना कास्तान्युएलाची किनार म्हणतात. नाचताना बोटांत धरून वाजवतात त्या लाकडी टाळांवरून हे नाव आलं. ब्लोंदा हातात घेतली की वजन जाणवतं. ती आपल्याच भाराने खाली पडते, म्हणून फणीवरून सुंदर उतरते.

शाँटिलीचं नाव फ्रान्समधल्या गावाचं. तिच्यात धागा बारीक, फुलं नाजूक, छायाप्रकाशाचा खेळ जास्त आणि वजन अगदी कमी. काळ्या शाँटिलीने १९व्या शतकात युरोपला वेड लावलं होतं. आज मिळणारी बहुतेक शाँटिली यंत्रावरची असते. उत्तर फ्रान्समधल्या काले आणि कोद्री इथे जुन्या लीव्हर्स मागांवर होणारी लेस त्यातली उत्तम.

ट्यूल म्हणजे आपण ज्याला नेट म्हणतो ती. तिच्यावर भरतकाम करून केलेल्या मँटिला स्वस्त पडतात. पण ग्रानादाची ट्यूलवर हाताने भरलेली कामगिरी पाहिली की ‘ट्यूल म्हणजे नकली’ असं सरसकट म्हणवत नाही.

नवरीसाठी माझं मत विचाराल तर चेहरा रेखीव आणि उंची बेताची असेल तेव्हा शाँटिली घ्या. उंच मुलीला आणि साध्या, बिनभरजरी गाऊनला ब्लोंदा शोभते. भरजरी गाऊनवर ब्लोंदा घेतली की दोघी एकमेकींशी भांडतात.

६. हाताने ही लेस विणतात तरी कशी? आणि कुठे?

तिला बॉबिन लेस म्हणतात. भरीव, गोल लांबट उशी मांडीवर किंवा घोडीवर टेकवायची, तिच्यावर नक्षीचा टोचलेला कागद ताणून बसवायचा. प्रत्येक धागा एका लाकडी बॉबिनला गुंडाळलेला असतो. विणणारी बाई दोन-दोन जोड्या हातात घेते, पीळ देते, एकीवरून दुसरी टाकते आणि टोचलेल्या जागी टाचणी रोवून वीण पक्की करते. पुन्हा तेच. यात सुई लागत नाही आणि मागही नाही. साध्या किनारीला थोड्या बॉबिन पुरतात. रुंद नक्षीला शेकडो लागतात आणि त्या एकमेकींवर आपटत राहिल्याने खोलीभर लाकडाची टकटक चालू असते.

पूर्ण मँटिला एका उशीवर मावत नाही. नक्षीचे तुकडे वेगवेगळ्या बाया विणत आणि ते जोडणारी वेगळी असे. जोड दिसू नये हे तिचं कसब. एका मँटिलाला महिनोन् महिने का लागतात ते यावरून कळेल.

बार्सेलोनाच्या उत्तरेचा किनारा, विशेषतः आरेन्स दे मार हे या कामाचं मोठं ठिकाण होतं. तिथल्या कास्तेल्स घराण्याने लेसचा व्यापार चालवला, त्यांच्यातल्या मारिया कास्तेल्स यांनी (हे गृहस्थ होते, नावावरून गैरसमज होतो) देखणे नक्षीकागद काढले. आज गावात लेसचं संग्रहालय आहे. ला मांचातल्या आल्माग्रो इथे ब्लोंदा आणि लेसचं संग्रहालय आहे. गॅलिसियातल्या कामारिन्यास इथे अजूनही बायका बॉबिन चालवतात आणि दरवर्षी लेसचं प्रदर्शन भरतं.

यातला बहुतेक पैसा व्यापाऱ्यांकडे गेला. तुकड्यावर मजुरी मिळणाऱ्या किनाऱ्यावरच्या या बायांची नावं कुठल्याही मँटिलावर नाहीत. जुनी लेस हातात घेताना मला पहिली आठवण त्यांची येते.

७. काळी मँटिला म्हणजे शोकाची, पांढरी म्हणजे आनंदाची, असंच ना?

अर्धं खरं. पवित्र गुरुवारी आणि गुड फ्रायडेला सेव्हिलमध्ये बायका काळा पेहराव, काळी मँटिला, हातात जपमाळ अशा बाहेर पडतात. दागिने जवळजवळ नसतात. तिथे काळा रंग प्रभूच्या दुःखसहनासाठी असतो. बैलझुंजी आणि जत्रेला पांढरी किंवा हस्तिदंती मँटिला दिसते.

पण काळा हा स्पेनमध्ये मानाचाही रंग आहे. उत्तम काळं रेशीम रंगवणं महाग काम होतं आणि स्पॅनिश दरबाराने काळ्यालाच थाट मानलं. प्रश्न ३मधली आल्बाची डचेस त्या वेळी विधवा होती खरी, पण काळ्या लेससोबत तिने लाल पट्टा बांधला आहे. तो काही शोकाचा वेश नव्हे, माखाचा आहे. लग्नातही काळ्या मँटिलाला मानाची जागा आहे, ती प्रश्न ९मध्ये.

पोपच्या भेटीला जाणाऱ्या बायकांनी काळं नेसावं असा जुना शिष्टाचार होता. मार्च १९६२मध्ये जॅकलीन केनेडी तेविसाव्या जॉन पोपना भेटल्या तेव्हा काळ्या मँटिलात होत्या. पांढरं घालायचा विशेष हक्क कॅथलिक राण्यांना, त्यात स्पेनची राणी आली.

८. स्पॅनिश नवऱ्या पूर्वीपासून पांढरी मँटिला घेत होत्या का?

नाही. सामान्य घरांत नवरी आपला सर्वांत चांगला पोशाख घाली आणि तो पुष्कळदा काळ्या रेशमाचा असे, वर काळी मँटिला. हाच पोशाख पुढे सणाला, मिस्सेला, अंत्यविधीला जन्मभर चाले. स्पेनच्या खेड्यांतल्या जुन्या लग्नाच्या फोटोंत काळ्या पोशाखातली नवरी दिसली तर दचकू नका.

पांढऱ्याची लाट इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या १८४०च्या लग्नानंतर युरोपभर पसरली. आधी श्रीमंतांत, मग हळूहळू खाली. म्हणजे पांढरी मँटिला घेतलेली ‘परंपरागत स्पॅनिश नवरी’ ही आपल्या समजुतीपेक्षा बरीच अलीकडची आहे. तिचं सौंदर्य त्यामुळे कमी होत नाही, पण दुकानदार ‘शेकडो वर्षांची परंपरा’ म्हणून जादा पैसे मागत असेल तर हे उत्तर त्याला दाखवा.

९. स्पेनमधल्या एका लग्नात नवरदेवाच्या आईने काळी मँटिला घातलेली पाहिली. अशुभ मानत नाहीत?

मुळीच नाही, तो तर त्या दिवसाचा मोठा मान आहे. स्पॅनिश लग्नात नवरदेवाला वेदीपर्यंत घेऊन जाणारी ‘माद्रिना’ असते आणि ती बहुधा त्याची आईच असते. लांब पोशाख, उंच पेइनेता आणि काळी मँटिला हा तिचा थाट. मँटिला दिवसाउजेडी शोभते असं मानतात, म्हणून सकाळ-दुपारच्या लग्नांत ती जास्त दिसते. इतर पाहुण्यांनी मँटिला घालू नये, हा मान माद्रिनाचा, असा संकेत आहे. स्पॅनिश घरात लेक देणाऱ्या मराठी आईंनी यावर आधीच विहिणीशी बोलून घ्यावं. दोन्हीकडून हौसेने मँटिला आल्या तर फोटोत अवघड होतं.

१०. मग आजच्या नवऱ्यांना ही इतकी का आवडते?

पहिलं कारण चेहऱ्याचं. साधी वेल मागून दिसते; समोरच्या फोटोत ती जवळजवळ नाहीशी होते. मँटिला वेलची किनार चेहऱ्याला चौकट करते, म्हणून ती समोरून दिसते. वेदीसमोर उभ्या नवरीची पाठच पाहुण्यांना दिसते, तिथेही लांब लेसची किनार जमिनीवर पसरलेली असते. दोन्ही बाजूंनी काम करणारी वेल दुसरी नाही.

दुसरं कारण गाऊनचं. साधे, सरळ, बिनमण्यांचे गाऊन आवडायला लागल्यापासून सगळी नक्षी वेलवर घ्यायची सोय झाली. बाह्या झाकलेल्या नसतील तर चर्चमध्ये खांदेही झाकले जातात.

तिसरं, बार्सेलोना. प्रोनोव्हियास हे आज जगभर चालणारं नाव १९२२मध्ये तिथे लेस-रेशमाचं दुकान म्हणून सुरू झालं आणि १९६०च्या दशकात तयार ब्रायडल गाऊनकडे वळलं. तिथल्या ब्रायडल फॅशन वीकला जगातले खरेदीदार येतात. गाऊन विकणाऱ्या शहरालाच लेसची सवय होती, त्यामुळे मँटिला वेल जगभरच्या दुकानांत पोहोचली.

आणि घराण्याचा धागा. आजीची मँटिला नातीने घ्यायची, ही स्पेनमधली हौस आपल्याकडच्या शालू-पैठणीवाल्यांना समजावून सांगायला नको.

११. पेइनेता घ्यायलाच हवी का? ती टिकते कशी?

मँटिला वेलला पेइनेता लागत नाही. ती दोन बारीक कंगव्यांवर किंवा आकड्यांवर राहते. खरी मँटिला घेणार असाल तर मात्र पेइनेता हवी, नाहीतर लेस डोक्याला चिकटून बसते.

आधी घट्ट अंबाडा. तो सैल असेल तर बाकीचं सगळं व्यर्थ. पेइनेता अंबाड्याच्या मुळाशी उभी खोचायची, मागे कलती नको, आणि आकड्यांनी किंवा केसांच्याच रंगाच्या दोऱ्याने अंबाड्याला बांधायची. मग मँटिला मधोमध धरून फणीवर टाकायची, पुढची किनार केसांच्या रेषेजवळ आणायची. फणीच्या पायथ्याशी मागून चुणी घेऊन ब्रोच लावला की लेस फणीला बिलगते. शेवटी दोन्ही खांद्यांवर बारीक टाचण्या.

खांद्यांवरच्या टाचण्या लावताना नवरीला मान दोन्हीकडे वळवायला सांगा आणि मिठी मारायला सांगा. ताण आला तर टाचणी थोडी सैल जागी घ्या. हे राहिलं की पहिल्याच मिठीत फणी वाकडी होते.

बुटक्या मुलीने फार उंच फणी घेऊ नये, हा सल्ला सर्रास मिळतो. मला उलट अनुभव आहे. फणीची रुंदी चेहऱ्याला साजेशी असली की उंचीने बिघडत नाही.

१२. लांबी किती घ्यावी?

खरी मँटिला पुढे हातांपर्यंत आणि मागे कंबरेच्या जरा खाली येते. मँटिला वेल बोटांच्या टोकापर्यंत, जमिनीपर्यंत किंवा जमिनीवर लोळणारी अशी मिळते. चर्चची मधली वाट लहान असेल तर लोळणारी घेऊ नका, पहिल्या बाकाला अडकेल. रिसेप्शनला नाचणार असाल तर ती काढून ठेवता येईल अशीच बसवून घ्या.

१३. पांढऱ्या साडीवर मँटिला चालेल का?

चालते, आणि वसईकडच्या मुली हे विचारतातच. दोन गोष्टी सांभाळा. पदर खांद्यावर जिथे पिनेने बसवलाय त्याच जागी लेस आली तर दोन्हींचा गुंता होतो, म्हणून पदराची पिन खाली, खांद्याच्या मागच्या उतारावर घ्या. दुसरं, जर, टिकल्या, मणी. लेसची जाळी यांत अडकते आणि ओढली की फाटते. साडीला जरीचा काठ असेल तर लेस फक्त मागे सोडा, पुढे घेऊ नका. गजरा हवा असेल तर फणीखाली अंबाड्याभोवती माळा. ओल्या फुलांचा डाग रेशमी लेसवर पडतो, तेव्हा गजरा आधी कोरडा करून घ्या.

१४. चर्चमध्ये नवरीने डोकं झाकणं सक्तीचं आहे का?

१९१७च्या कॅथलिक धर्मसंहितेत बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असा नियम होता. १९८३ची नवी संहिता त्याविषयी काही म्हणत नाही. त्यामुळे वेल ही आज हौस आणि भक्ती आहे. खांदे किती झाकावे याबद्दल तुमच्या धर्मग्रामाची पद्धत असू शकते, ते फादरांना विचारा.

१५. गोव्यातल्या आज्ज्या चर्चला जाताना पांढरी ओल घेत. ती मँटिलाच ना?

नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती बायका साडीवरून अंगभर घेत ती ओल म्हणजे पांढरी चादर, लेसची ओढणी नव्हे. डोकं आणि अंग झाकायची गरज एकच, पण वस्त्र वेगळं. शिवाय गोवा पोर्तुगालचा. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, म्हणजे गोव्यावरही नावापुरतं स्पॅनिश राजाचं छत्र होतं, पण त्यातून मँटिला मांडवीकाठी आली असं म्हणायला आधार नाही. ओलीला तिचं स्वतःचं नाव आणि मान राहू द्या.

१६. मान्तोन दे मनिला आणि मँटिला एकच का?

नावं जवळची, वस्तू अगदी निराळ्या. मान्तोन ही भरतकाम केलेली, लांब झालरींची रेशमी शाल. फ्लामेंको नाचणाऱ्या बायकांच्या खांद्यावर दिसते ती. ती चीनमध्ये, कॅन्टनकडे भरली जायची आणि फिलिपिन्सच्या मनिला बंदरातून स्पॅनिश गलबतांनी पुढे जायची, म्हणून हे नाव.

मुंबईकरांनी इथे जरा थांबावं. पारशी गारा साडीचं भरतकामही त्याच चिनी व्यापारातून आलं. गाऱ्यावरची शेवंती आणि पक्षी एखाद्या जुन्या मान्तोनवरच्या फुलांशेजारी ठेवून बघा, दोन बहिणी ताबडतोब ओळखू येतील. मँटिलाशी मात्र यांचं नातं नाही.

१७. हातची लेस आणि यंत्राची लेस कशी ओळखायची?

भिंग घ्या आणि लेस खिडकीशी उजेडाविरुद्ध धरा. हातच्या बॉबिन लेसमध्ये पानाचा भरीव भाग नीट विणलेल्या कापडासारखा दिसतो, धागे एकमेकांना आडवे-उभे छेदतात आणि पानाच्या वळणाबरोबर वळतात. यंत्राच्या लेसमध्ये हा भाग बहुधा एकाच दिशेच्या रेघांचा वाटतो. मग एकच फूल चार ठिकाणी बघा. हातच्या कामात चारही फुलं सारखी असूनही कुठे टाचणी जरा सरकलेली, कुठे जाळीचं घर मोठं. यंत्राच्या कामात चूक असली तर तीही प्रत्येक फुलात त्याच जागी असते. मोठ्या तुकड्यात जोड सापडला तर तो दोष नाही, तो हातकामाचा पुरावा (प्रश्न ६).

रेशीम आहे की पॉलिस्टर हे आतल्या शिवणीतला सुटा धागा जाळून कळतं. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. जळता धागा चिमट्याने धरा, लेसपासून लांब.

यंत्राची लेस वाईट नसते. लीव्हर्स मागावरची उत्तम लेस बहुतेक नवऱ्यांना पुरते. हातची म्हणून यंत्राचे पैसे दुप्पट देणं तेवढं टाळा.

१८. जुनी मँटिला धुवायची आणि ठेवायची कशी? आमच्याकडे पावसाळ्यात कपाटाला बुरशी येते.

पांढरी रेशमी लेस धुण्याजोगी असेल तर कोमट पाणी, अगदी सौम्य साबण, पसरट घमेलं. लेस एका पातळ मलमलच्या कापडावर ठेवून कापडासकट पाण्यात उतरवा आणि तशीच उचला. ओली लेस स्वतःचं वजन पेलत नाही. चोळू नका, पिळू नका. क्लोरिनचं ब्लीच रेशमाला खाऊन टाकतं. टॉवेलवर पसरून सावलीत वाळवा, कंगोरे बोटांनी सरळ करा.

काळ्या जुन्या लेसला घरी पाणी लावू नका. जुन्या काळ्या रंगात लोह असे आणि त्याने रेशीम काळाच्या ओघात ठिसूळ होतं. उचलताना काळी पूड पडत असेल तर ती लेस आता घालायची राहिलेली नाही, बघायची आहे.

ठेवताना घडी नको, घडीवर चिरते. जाड कागदाच्या नळीवर धुतलेली, बिनखळीची मलमल गुंडाळा, तिच्यावर लेस, वर पुन्हा मलमल. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. डांबराच्या गोळ्या लेसला टेकवू नका. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि उघडीप मिळाली की काढून वारा द्या, ऊन नको.

१९. आजीची मँटिला थोडी फाटली आहे. कापून तिची किनार नव्या वेलला लावू का?

आधी ती हातची आहे का ते पाहा (प्रश्न १७). हातची असेल तर कृपा करून कापू नका. बॉबिन लेस कापली की कडेचे धागे सुटत जातात आणि ती परत कुणी जोडू शकत नाही. फाटलेला भाग तशाच रंगाच्या बारीक रेशमी नेटवर हलक्या टाक्यांनी बसवून घ्या. टाके जाळीच्या घरांतून जावेत, धाग्यातून नव्हे. हे काम रफू करणाऱ्या चांगल्या हाताला जमतं. असा आधार दिलेली मँटिला एका दिवसासाठी घालता येते आणि दिवस संपल्यावर टाके काढताही येतात.

यंत्राची असेल तर किनार वापरायला हरकत नाही. फक्त आजी हयात असतील तर आधी त्यांना विचारा.

२०. स्पेनहून आत्याने जुनी कासवाच्या पाठीची पेइनेता देऊ केली आहे. भारतात आणता येईल का?

आणू नका. जुन्या पेइनेता ‘कारेय’च्या, म्हणजे हॉक्सबिल कासवाच्या कवचाच्या असत. या कासवाच्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७७पासून बंदी आहे आणि भारतात ते १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ‘पणजीची आहे’ हे कस्टममध्ये सांगून भागत नाही. आत्याकडे जाऊन लग्न तिथेच होणार असेल तर ती तिथेच वापरा आणि तिथेच ठेवा.

तशीच दिसणारी दुसरी जुनी फणी सेल्युलॉइडची असते. कायद्याने तिला अडचण नाही, पण सेल्युलॉइड चटकन पेट घेतं. वेदीवरच्या मेणबत्त्या आणि युनिटी कँडल पेटवताना वाकणारी नवरी, या दोन्हींचा विचार करून ती घालू नका. आज सेव्हिलमध्ये विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेइनेता अ‍ॅसिटेटच्या असतात, कासवाच्या कवचासारख्याच ठिपक्यांच्या आणि हलक्या. तीच मागवा. पार्सल पाठवणाऱ्याला पावतीवर ‘अ‍ॅसिटेट’ असं स्पष्ट लिहायला सांगा, म्हणजे कस्टममध्ये खोळंबा होणार नाही.